दगडाखालची घोंगडी

१

पोस्टमननं ओट्यावर पार्सल ठेवलं तशी करणची आई कडूबाई उठून घरात गेली. तिनं त्याला हात लावला नाही.

करण त्याआधीच आला होता, पेटीतून. त्याची माती होऊन चौदा महिने झाले होते. आता तिकडच्या पोलिसांनी फाइल बंद केली आणि ठेवून घेतलेल्या वस्तू धाडल्या. एक घड्याळ, तडकलेला मोबाइल, निळं जाड जाकीट, इंग्रजी कागदांची चळत, आणि सगळ्यांत खाली, तो जाताना कडूबाईनंच त्याच्या बॅगेत कोंबलेली काळी घोंगडी.

"आत्या, मी वाचून दाखवते," रेणुका म्हणाली. करणची ही धाकटी बहीण.

दैवशाला चष्मा पुसून पुढं सरकली. करणची ती आत्या, त्याच्या बापाची, आबारावची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, पदरी मूल नाही. बावीस वर्षं झाली, भोकरदनच्या तहसील कचेरीसमोर टाइपरायटर घेऊन बसते. लोकांचे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं लिहिते. रोज शंभर माणसं तिच्यासमोर येऊन खरं बोलायची शपथ घेतात, आणि त्यातली निम्मी खोटं बोलतात. कोणती निम्मी, हे तिला शपथ संपायच्या आधी कळतं.

पिंपळगाव रेणुकाईत सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट अशी. करण सरकारी शिष्यवृत्तीवर स्कॉटलंडला शिकायला गेला. तिथली पोरं शनिवार-रविवार मिळाला की डोंगर चढतात, दोरावर लोंबकळतात, नदीत होड्या घालतात. करणही जायला लागला. फोटो यायचे. गावात पारावर हसायचे, "मेंढरामागं डोंगर हिंडायला इथं काय कमी होतं? त्यासाठी विमानात बसावं लागतं व्हय रे?" सातव्या शनिवारी तिथंच शिकणारे आपल्या जिल्ह्यातले चौघं गेले. परमेश्वर हसनाबादचा, मोनाली जालन्याची, अर्पिता वाटूरची आणि करण. तिघं परत आले. करण दुसऱ्या दिवशी एका घळीत सापडला, अंगात नुसता शर्ट.

तिकडच्या साहेबांनी लिहिलं, थंडीनं भ्रम होऊन कपडे काढले आणि भरकटला. गावानं त्याचं आपल्या सोयीचं भाषांतर केलं. धनगराचं पोर येडं झालं, जीव दिला. बोलणाऱ्याचं काय जातं? जीभ फुकटची आणि मेलेलं पोर दुसऱ्याचं.

पण त्या बोलण्यानं एक जिवंत पोरगी बुडत होती. रेणुकाला जानेवारीपासून तिकडंच प्रवेश मिळाला होता. शिष्यवृत्तीच्या संमतीपत्रावर बापाची सही लागणार होती, शुक्रवारपर्यंत. आज सोमवार. आबारावनं कागद घडी करून खिशात ठेवला होता आणि एकदाच बोलला होता, "एक येडा होऊन मेला. आपल्या रक्तातच हाये ते. दुसरी न्हाई धाडायची."

रेणुका वाचत होती. मध्येच एक रंगीत फोटो निघाला. डोंगरावर गोल, दगडी, बिनछपराचं वाडगं होतं, मेंढरं कोंडायचं. तिकडंही धनगर असतात म्हणायचे. त्याच्या भिंतीच्या आडोशाला काळी घोंगडी, चौकोनी घडी केलेली. तिच्यावर निळं जाकीट आणि त्यावर वाऱ्यानं उडू नये म्हणून ठेवलेला दगड.

"खाली काय लिहिलंय?"

"'हात लावण्यापूर्वी, सापडली तशी.'"

दैवशालानं फोटो डोळ्याजवळ नेला. मग ओट्यावरची खरी घोंगडी मांडीवर घेतली.

"रेणके," ती म्हणाली, "ही घडी करणनं केलेली न्हाई."

२

"कशावरून?"

"तुझा बाप सकाळी उठला की घोंगडीचं काय करतो?"

रेणुका गोंधळली. "झटकतो. उभी दुमडतो. खांद्यावर टाकतो."

"कपाटात ठिवतो का?"

"आपल्याकडं कपाट कुठं होतं?"

"तेच. कपाटात ठिवायचं असंल तर चौकोनी घडी लागती. आपली घोंगडी माणसासंगं चालती. पाऊस आला की डोक्यावर, बसलं की बुडाखाली, न्हाई तर खांद्यावर. करण चार वर्षांचा असल्यापासून आबारावच्या मागं रानात हिंडला. त्याचा हात दुसरी घडी करायचाच न्हाई. आन ज्याचं डोकं फिरलं तो दगूड ठिवतो का वर, जाकीट उडून जाईल म्हणून?"

"मंग?"

"धनगर थंडीत घोंगडी टाकून चालला तर एकाच कारणानं. तिच्याखाली दुसरं कोणी तरी निजलेलं असतं." तिनं चष्मा काढला. "तो गेल्यावर ते माणूस उठलं. आपल्या घरच्या सवयीनं घडी केली आन निघून गेलं."

रेणुका कागदांवर झडप घातल्यासारखी वाकली. तिघांचे जबाब होते. परमेश्वरचा, मोनालीचा, अर्पिताचा. तिनं एकेक मराठीत सांगितला. करण दुपारी चिडून पुढं निघून गेला. आम्ही हाका मारल्या. त्यानं मागं वळून पाहिलं नाही. आम्ही तिघं संध्याकाळी खाली उतरलो आणि गाडीत थांबलो.

"पुन्हा सांग. तिन्ही."

रेणुकानं पुन्हा सांगितले. तीच चार वाक्यं, त्याच क्रमानं.

"बांधावरच्या भांडणाचे तीन साक्षीदार माझ्याकडं आले," दैवशाला म्हणाली, "तर एक म्हणतो कुऱ्हाड होती, एक म्हणतो काठी, तिसरा म्हणतो मी तवा पाणी पीत होतो. खरं असंच सांडत सांडत येतं. तिघांचं बराबर जुळलं की समजायचं, सांगणारं एकच हाये."

आबाराव दारात उभा होता. कधीचा, कोण जाणे.

"अक्का," तो म्हणाला, "घोंगडीच्या घडीवरून तू माझं पोरगं शाणं करून राह्यलीस. तुझा तर्क झाला. पुरावा हाये?"

"न्हाई."

"मंग गप बस. कडूबाईला आता कुठं झोप लागून राह्यली."

मंगळवारी सकाळी दैवशालानं टाइपरायटरवर कापड टाकलं आणि हसनाबादची गाडी धरली.

३

परमेश्वर मळ्यात ठिबकच्या नळ्या जोडत होता. तिकडं नोकरी लागलेली, सुटीवर आलेला, दहा दिवसांनी परत जाणार होता. त्या सहलीचा म्होरक्या तोच, गाडीही त्याचीच.

"मावशी, फोन करायचा ना, मी आलो असतो पिंपळगावला."

"चौदा महिन्यांत आला न्हाईस."

त्यानं नळी खाली ठेवली.

दैवशालानं तिला हवं ते आडूनच विचारलं. धुकं कधी आलं, कोण पुढं होतं, रात्री काय केलं. "आम्ही तिघांनी गाडीत बसून वाट पाह्यली, मावशी. रात्रभर."

"पोलिसाला सकाळी नऊला सांगितलं. रात्री का न्हाई?"

"वाटलं, येईल. धनगराचं पोर, डोंगराची सवय."

"व्हय. धनगराचं पोर म्हंजे दगूडच. त्याला थंडी वाजत नसती."

परमेश्वरची मान खाली गेली. मग एकदम वर आली, आणि त्याच्या चेहऱ्यावर दया होती. दैवशालाला ती दया बिलकुल आवडली नाही.

"तुम्हाला सांगणार नव्हतो. तो का चिडला होता म्हाईत हाये? अर्पितावर त्याचं मन होतं. त्या दिवशी त्यानं विचारलं, तिनं झिडकारलं. आता तुम्हीच समजून घ्या तो पुढं कशासाठी गेला. उकरून काय भेटणार, मावशी? त्याची लाज झाकून ठेवली आम्ही."

परतीच्या गाडीत दैवशाला खिडकीशी बसली. दोन्हीकडं वेचणीला आलेला कापूस. घोंगडी, घडी, दगड, सगळं तिला आता पोकळ वाटायला लागलं. चोवीस वर्षांचं पोर, नाकारलेलं, परक्या डोंगरावर. खरंच जीव द्यायला गेला असेल तर? आणि हे ती कडूबाईला कोणत्या तोंडानं सांगणार होती?

४

तरी बुधवारी ती जालन्याला गेली. मोनालीच्या वडिलांचं तिथं बियाण्यांचं दुकान. वर घर. मोनालीनं काकू, काकू करत चहा केला, बिस्किटं काढली, आणि करणचं नाव निघताच रडायला लागली. दैवशालानं तिला रडू दिलं. रडणारं माणूस पाठ केलेलं विसरतं, हे तिला धंद्यानं शिकवलं होतं.

"लई थंडी असंल गं तिकडं," ती सहज म्हणाली. "डोळा तरी लागला का तुला त्या रात्री?"

"कुठला काकू! पेट्रोल संपंल म्हणून हीटर बंद. मी मागच्या सीटवर पाय पसरून पडले, सगळ्यांच्या बॅगा अंगावर घेतल्या, तरी दात वाजत होते. परमेश्वर पुढं स्टेअरिंगवर डोकं टेकून. त्याच्या शेजारी सगळी ओली दोरखंडं, बूट, सामान."

दैवशालानं चहाचा घोट घेतला. कप खाली ठेवला.

"मंग अर्पिता कुठं निजली?"

खाली दुकानात कोणी तरी हरभऱ्याच्या बियाण्याचा भाव विचारत होतं. ते स्पष्ट ऐकू आलं.

"काकू, मी काही बोलले नाही."

"तू खरंच काही बोलली न्हाईस. मागची सीट तू भरली, पुढची सामानानं भरली. तिसरं माणूस गाडीत न्हवतंच."

"तिचं लग्न आहे पुढच्या महिन्यात," मोनाली कुजबुजली. "तिच्या घरचे जिवंत ठेवणार नाहीत तिला. परमेश्वर म्हणाला, गेलेला गेला, आता राहिलेल्यांचं बघू. त्यानंच सांगितलं काय बोलायचं ते. रस्ता सोडून त्यानंच वर नेलं होतं आम्हाला, मागं कोण राहिलं ते पाहिलंही नाही. पोलिसांना रात्री कळवलं असतं तर त्याच्याकडं बोट गेलं असतं."

"आन तू?"

"मी घाबरले, काकू."

दैवशाला उठली. या पोरीची तिला चीडही येत होती आणि कीवही. त्यातली चीड जास्त होती.

५

वाटूरच्या चौफुलीपासून थोड्या अंतरावर अर्पिताच्या वडिलांची, अण्णासाहेबांची मोसंबीची बाग आणि बागेत दुमजली घर. अंगणात मांडवाचे बांबू येऊन पडले होते. अण्णासाहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, पत्रिका दाखवली. माणूस वाईट नव्हता. फक्त आपल्या घराबाहेर कोणाला नाव असतं हे त्याला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

"त्या पोराचं वाईट झालं, बाई. पण आमच्या पोरीचं नाव त्यात घेऊ नका. सोबत शिकायला होती, बस्स. काडीचा संबंध न्हवता."

"न्हवताच," दैवशाला म्हणाली. "त्याच्या वस्तू आल्यात. संगं शिकलेल्या पोरीला दोन शब्द बोलावं म्हणून आले."

अर्पिता गच्चीवर होती. दोरीवरच्या गोधड्या उतरवून घडी करत होती, चौकोनी, कडेला कड जुळवून. दैवशाला जिन्याच्या तोंडाशी उभी राहून बघत राहिली.

"परमेश्वर म्हणतो, तू त्याला झिडकारलं."

अर्पिता वळली. आधी तिला समजलंच नाही. मग तिचा चेहरा संतापानं लाल झाला.

"झिडकारलं? त्यानं कधी काही विचारलंच नाही! असं म्हणाला परमेश्वर?"

"मंग तूच सांग. मी सांगते ते चुकलं तर थांबव." दैवशाला कठड्यावर टेकली. "तू मागं पडली. पुढच्या दोघांनी पाह्यलं न्हाई. करण तुझ्यापाशी थांबला. रात्री वाडग्यात त्यानं घोंगडी आन जाकीट तुला घातलं. सकाळी शर्टावर खाली गेला, माणसं आणायला. धुक्यात घळ दिसली न्हाई. तू वाट पाह्यली, धुकं उठलं, खाली रस्ता दिसला. तू घडी केली, दगूड ठिवला, गाडीपाशी गेली."

अर्पिता मांडीवर गोधडी घेऊन खाली बसली होती.

"पाय मुरगळला होता," ती म्हणाली. "मला वाटलं तो दुसरीकडून उतरला असेल. घोंगडी जड होती, लंगडत नेता येईना. म्हटलं, येऊन घेऊन जाईल. नीट ठेवावी, त्याच्या आईची आहे." ती थांबली. "दगड मीच ठेवला. खाली पोचले तर परमेश्वर म्हणाला, करण आला नाही. आणि दुपारी..."

"आन मंग तुम्ही तिघांनी त्याला येडा केलं."

"मी ते इथं सांगितलं तर काय होईल, तुम्हाला माहीत नाही? रात्रभर, डोंगरावर, एका घोंगडीत. धनगराच्या पोरासोबत. तो थरथरत होता म्हणून मीच त्याला आत घेतला. कोण ऐकून घेणार पुढचं?"

"म्हाईत हाये." दैवशालाचा आवाज चढला, तिनं तो खाली आणला नाही. "तुमच्या घरात इज्जत हाये. माझ्या भावाच्या घरात आता नुसतं येड हाये, गावानं दिलेलं. तुला जगवलं म्हणून त्याला ते भेटलं. माझी भाची शिकायला चाललीय, तिचा बाप सही करंना, रक्तात येड हाये म्हणतो. परवा शुक्रवार. मुदत संपती."

"तुम्ही सांगून टाका ना. तुम्हाला सगळं कळलंय."

"मी सांगितलं त्याला. म्हणतो, तुझा तर्क." दैवशाला जिन्याकडं वळली. "मी अर्जनवीस हाये, बाई. दुसऱ्याच्या तोंडचं लिहिते. सांगणारं माणूस टेबलासमोर लागतं. कचेरी पाचला बंद होती."

खाली अण्णासाहेबांनी मोसंबीची पिशवी पुढं केली. तिनं घेतली नाही.

६

शुक्रवारी दैवशालानं आबारावला बोलावून घेतलं. कशाला ते सांगितलं नाही. तो टेबलाशेजारी दगडावर उकिडवा बसला, खांद्यावर घोंगडी, खिशात रेणुकाचा कागद. रेणुका लिंबाखाली उभी. बाजाराचा दिवस नव्हता तरी गर्दी होती. उत्पन्नाचे दाखले, वारसाच्या नोंदी, नाव बदलायचे अर्ज.

एक वाजला. दोन वाजले.

"जाऊ का अक्का? मेंढरं एकट्या कडूबाईवर टाकून आलोय."

"चहा घे."

"दोन झाले."

"तिसरा घे."

साडेतीनच्या सुमाराला जालन्याची गाडी आली. तिच्यातून एक पोरगी उतरली, एकटी. पर्समधला फोन वाजत होता. तिनं तो काढून बंद केला आणि रांग तोडून सरळ टेबलासमोर आली.

"ओ ताई, रांग हाये!" मागून कोणी ओरडलं.

"बोलू द्या तिला," दैवशाला म्हणाली. तिनं कोरा कागद चढवला. "नाव?"

अर्पितानं नाव सांगितलं, वय, गाव, तालुका परतूर. मग सत्य प्रतिज्ञेवर कथन करते की, इथपर्यंत दैवशालानं सवयीनं टाइप केलं आणि थांबली.

अर्पिता बोलायला लागली. सरळ नाही. मध्ये मागं गेली, एक गोष्ट विसरली, पुन्हा धरली. पाय उजवा म्हणाली, मग डावा म्हणाली. दैवशाला ऐकत गेली आणि टकटक करत गेली. गर्दीतली कुजबुज आधी वाढली, मग विझली.

"...आणि थंडी सोसेना म्हणून आम्ही दोघांनी ती रात्र एका घोंगडीत काढली."

कोणीतरी मागं हुंकारलं. "बघा, वाटूरच्या बागायतदाराची लेक."

दैवशालानं प्रत्येकाला विचारते तसं तिलाही विचारलं. "हे असंच लिहू?"

"असंच."

"उद्या बदलता येणार न्हाई."

"म्हणून तर आले."

टकटक झाली. जबाब कोणी शिकवला, कोणत्या शब्दांत, तेही आलं. परमेश्वरचं नाव पूर्ण, बापाच्या नावासकट. करणला भ्रम झाला नव्हता, तो शुद्धीवर होता, त्यानं मला भिंतीकडेनं बसवलं, वारा कुठून येतो ते पाहून. मला झोप लागू नये म्हणून त्यानं मेंढरांची नावं सांगितली, बावन्न मेंढरांची.

आबाराव दगडावरून उठला होता. तो टेबलाच्या दुसऱ्या बाजूला येऊन उभा राहिला. अर्पितानं त्याच्याकडं बघितलं आणि तिला ओळख पटली. चेहरा करणचाच होता.

"पोरी," आबाराव म्हणाला, "सकाळी जाताना तो काय बोलला का?"

अर्पितानं मान डोलावली.

"म्हणाला, 'पडून राहा. चहा सांगून येतो.'"

त्या डोंगरावर कोसभर माणूस नव्हतं. टपरी नव्हती, काही नव्हतं. आबारावच्या तोंडातून एक आवाज निघाला, हसल्यासारखा. तो त्यानं घोंगडीच्या कोपऱ्यात दाबला. दैवशालाची बोटं टाइपरायटरवर थांबलेली.

"हे बी लिही, अक्का."

तिनं लिहिलं. कागद काढला, अर्पितापुढं ठेवला, पेन दिला. अर्पितानं खाली वाकून सावकाश सही केली, पूर्ण नावाची. लिंबाखालून रेणुका दोन पावलं पुढं आली आणि थबकली.

आबारावनं खिशातून घडी केलेला कागद काढला, टेबलावर सपाट केला आणि अर्पिताकडं हात पसरला.

"तुझं झालं असंल तर दे तो इकडं."

तिनं पेन दिला.